तिकडचे जगणे, इकडचे जगणे

दहावी-बारावीचे निकाल लागले की आम्हा शिक्षकांकडे येणाऱ्या पालकांच्या तोंडी एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, पोराला पुढं शिकवू, का सौदीला धाडू?" आम्ही नोकरीला लागलो तेव्हा हा प्रश्न कोकणातल्या मुसलमानांचा समजला जायचा. श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, खेड या बाजूच्या घरांतून आधी बोटीवर, मग आफ्रिकेत आणि नंतर आखातात जायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आमच्या करमाळा-माढा-बार्शी पट्ट्यातला मुसलमान जायचा तो फार तर सोलापूरला मागावर, नाहीतर मुंबई-पुण्याला. आता तसे राहिलेले नाही. आमच्या केमच्या आसपासही चार घरांआड एका घरात रियालचा हिशेब होतो आणि ईदच्या दिवशी दुपारी मोबाइलच्या पडद्यावर कुणीतरी रियाध-दम्मामहून शेवयांची वाटी मागतो.

ज्यांना केम ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. करमाळा तालुक्यातले हे गाव दौंड-सोलापूर रेल्वेमार्गावर आहे. कुर्डुवाडी जंक्शन इथून जवळ. गावाची ओळख कुंकवाची. हळकुंडापासून केलेले केमचे कुंकू महाराष्ट्रभर आणि बाहेरही जाते. ज्वारी, ऊस आणि पावसाची वाट पाहणे, हे बाकीचे जीवन. राज्य सरकारने 2018 मध्ये दुष्काळी तालुके जाहीर केले त्यात करमाळा होता आणि 2023 च्या 40 तालुक्यांच्या यादीतही होता.

तर प्रश्न दोन देशांचा. सौदी अरेबियात राहणाऱ्याचे जीवनमान चांगले की भारतात राहणाऱ्याचे? कागदावर उत्तर सोपे आहे. संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास अहवाल 1990 पासून निघतो. तो सुरू केला पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी, त्यांचे केंब्रिजपासूनचे स्नेही अमर्त्य सेन यांना सोबत घेऊन. नुसता पैसा मोजू नका, माणूस किती वर्षे जगतो, किती शिकतो आणि किती कमावतो हे तिन्ही एकत्र मोजा, असा त्यांचा आग्रह होता. 2025 च्या अहवालात 193 देशांमध्ये सौदी अरेबिया 37 व्या क्रमांकावर आहे आणि भारत 130 व्या. एकापैकी गुण मोजले तर त्यांचे 0.900 आणि आपले 0.685. आम्ही हे आकडे वर्गात फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मग सर, विषयच संपला!"

विषय तिथे संपत नाही, सुरू होतो. हा 0.900 नेमका कुणाचा? सौदीच्या 2022 च्या जनगणनेत लोकसंख्या 3 कोटी 22 लाख भरली आणि त्यातले सुमारे 42 टक्के लोक परदेशी होते. त्यात भारतीयही लाखोंच्या संख्येने. म्हणजे त्या देशात राहणाऱ्या दर पाचांतले दोन जण तिथले नागरिक नाहीत आणि कितीही वर्षे राहिले तरी सहसा होत नाहीत. रियाधच्या एखाद्या सौदी शिक्षकाचे जीवनमान, तिथल्याच भारतीय इंजिनियरचे जीवनमान आणि त्या इंजिनियरच्या साइटवर सळई बांधणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्याचे जीवनमान, हे एका शहरातले तीन वेगळे देश आहेत. आपला मुलगा सौदीत जात नाही, तो सौदीतल्या एका खोलीत जातो. तुलना करायची तर त्या खोलीची आणि आपल्या घराची करायला हवी.

तिकडे गेलेल्या माणसाच्या तोंडी दोन शब्द लगेच बसतात: 'फॅमिली' आणि 'बॅचलर'. गावात तीन मुलांचा बाप असलेला माणूस तिथे बॅचलर असतो. हुद्दा बरा असेल तरच बायको-मुलांना बोलावता येते. मजूर, हेल्पर, घरगुती ड्रायव्हर यांना ती सोय नाही. कितीतरी इमारतींवर 'फक्त फॅमिलीसाठी' अशी पाटी असते. बॅचलर मंडळी एका खोलीत सहा-आठ जण, खाली-वर पलंग, स्वयंपाकाची पाळी ठरलेली. खोलीला एसी असतो, तो चोवीस तास चालतो आणि वीज जात नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्याकडे मे महिन्यात काय होते ते वाचकांना माहीत आहेच.

फॅमिली नेलेल्यांचेही सगळे गोड नाही. 2017 च्या जुलैपासून सौदी सरकारने परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे दरमहा फी लावली. पहिल्या वर्षी 100 रियाल, मग दरवर्षी शंभराने वाढत 2020 पासून 400 रियाल. बायको आणि तीन मुले असतील तर महिन्याला 1,600 आणि वर्षाला 19,200 रियाल. रियाल 2025 पर्यंतच्या काही वर्षांत साधारण 22 ते 24 रुपयांच्या दरम्यान राहिला. 23 धरला तरी ही फी वर्षाला चार लाख चाळीस हजारांच्या आसपास जाते. ती फक्त सोबत राहण्याची किंमत. शाळा, भाडे, किराणा वेगळा. त्या दोन-तीन वर्षांत कितीतरी बायका-मुले परत आली. आमच्या शाळेतही अशा दोन मुली मध्येच दाखल झाल्या होत्या. इंग्रजी फाडफाड, मराठी लिहायला बसल्या की रडू यायचे. त्यांचे अब्बा मात्र तिकडेच, फॅमिलीचे पुन्हा बॅचलर होऊन.

आता पैशाचे. या बाबतीत आम्ही कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकणार नाही. आमच्याकडे काम आहे, पण कामाचे मोल नाही. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली. महिन्याचे 26 दिवस काम मिळाले, जे मिळत नाही, तरी 8,112 रुपये होतात. चाकणला किंवा रांजणगावला कंपनीत कंत्राटी कामगार म्हणून लागलेला मुलगा पंधरा-अठरा हजारांवर असतो आणि त्यातले निम्मे खोली आणि खाणावळीत जातात. सौदीत 1,500 रियालवर गेलेल्याचे साडेचौतीस हजार होतात. हा आकडा ऐकून मागच्या बाकावरचा आवाज पुन्हा येणार, हे आम्हाला माहीत आहे.

पण 1,500 रियाल म्हणजे हातात किती? जेवण कंपनीचे नसेल तर चार-पाचशे रियाल खाण्यात जातात, पन्नास-शंभर मोबाइलमध्ये, थोडे साबण-औषधपाण्यात. घरी येतात ते आठशे-नऊशे, म्हणजे वीस हजार रुपये. पहिल्या वर्षी त्यातलाही मोठा हिस्सा जाण्यासाठी काढलेल्या कर्जात जातो. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंट कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. प्रत्यक्षात आमच्या पट्ट्यातल्या मुलांनी लाख-दीड लाख मोजलेले आम्ही पाहिले आहेत. आईची पाटली, अर्धा एकर गहाण, मामाकडून उसने. 'आझाद व्हिसा' म्हणून जो विकला जातो, ज्यात कफील नावापुरता आणि काम आपले आपण शोधायचे, तो तर तिथल्या कायद्यातच बसत नाही. पकडला गेला की मुलगा दोषी आणि विकणारा मोकळा.

"तिकडं टॅक्स नाही, सर," हे आणखी एक वाक्य. खरे आहे, पगारावर आयकर नाही. पण महिना पस्तीस हजार मिळवणाऱ्याला इथे तरी कुठे आहे? नव्या करप्रणालीत 2025-26 पासून वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर भरावा लागत नाही. उलट सौदीत जुलै 2020 पासून खरेदीवरचा व्हॅट 15 टक्के आहे आणि तो खाण्यापिण्याच्या वस्तूंनाही लागतो. आपल्याकडे सुट्या ज्वारीवर, भाजीवर, दुधावर जीएसटी नाही. करमुक्त देशाचा फायदा लाखांत पगार असणाऱ्याला होतो. हेल्परला तो ऐकण्यापुरताच.

रियालच्या भावाची एक गंमत मात्र खरी. रियाल 1986 पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला पावणेचार रियाल. रुपया घसरला की सौदीतल्या माणसाचा पगार न वाढताच इथे वाढतो. 2015 च्या सुमारास 17 रुपयांना मिळणारा रियाल आज कुठे पोहोचला ते वर आलेच आहे. त्याच दहा वर्षांत सिमेंट, वाळू आणि गवंड्याची मजुरी कुठे पोहोचली, हेही घर बांधणाऱ्याला विचारा.

पाणी, दवाखाना, रस्ता या गोष्टींत तिकडचे पारडे जड आहे, हे कबूल करायला हरकत नसावी. सौदीत बारमाही वाहणारी एकही नदी नाही. रियाध शहर समुद्रापासून चारशे किलोमीटर आत, तरी समुद्राचे पाणी गोडे करून नळांनी तिथवर आणले आहे. आमच्या तालुक्याच्या एका अंगाला उजनीचा एवढा मोठा जलाशय, पण उन्हाळ्यात टँकरपुढे हंड्यांची रांग लागलेली गावे त्याच तालुक्यात आहेत. नदी नसलेल्या देशाने जे जमवले ते भीमेच्या काठी का जमू नये, हा प्रश्न आम्ही सौदीला नव्हे, स्वतःला विचारतो. दवाखान्याचे तसे एकतर्फी नाही. सौदीत मालकाने कामगाराचा आरोग्य विमा काढलाच पाहिजे असा कायदा आहे आणि विमा असला की दवाखाने उत्तम आहेत. इथे महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि कर्करोगासारख्या आजाराला बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आपल्या दाराशी आहे. फरक असा की तिकडे विमा नोकरीला चिकटलेला आहे. नोकरी गेली की तोही गेला. इथली योजना रेशनकार्डाला चिकटलेली आहे.

घराचा विचार करताना आमच्याच जिल्ह्यातले एक उदाहरण डोळ्यांपुढे येते. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षे लढून आधी गोदूताई परुळेकरांच्या नावाने 10,000 घरांची वसाहत उभी केली. नंतर तिथेच असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचे रे नगर आले. त्यातल्या पहिल्या 15,000 घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 रोजी दिल्या गेल्या. विडी वळणारी, यंत्रमागावर राबणारी, कचरा वेचणारी माणसे. घर लहान, शहरापासून लांब, कर्जाचा हप्ता आहेच. पण दार स्वतःचे. त्याच वर्षी 12 जूनला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि किमान 45 भारतीय मरण पावले. सौदी आणि कुवेत वेगळे देश आहेत, पण एका इमारतीत कामगारांना कसे ठेवतात ते आखातात फारसे वेगळे नाही. त्या इमारतीत राहणाऱ्यांपैकी कितीजणांनी गावाकडे दुमजली घरे बांधली असतील? घर बांधतो एक आणि राहतात दुसरे, हा आखाती घरांचा जुना विरोधाभास आहे.

हे सगळे आकडे आम्ही एका घरात घेऊन गेलो. नावे सांगणार नाही, गावही आमचे नव्हे, शेजारचे. चाचा 2000 साली दम्मामला गेले, पाइप फिटर म्हणून. 2002 च्या पहिल्या रजेत निकाह झाला. 2022 मध्ये कायमचे परत आले. आम्ही सहज विचारले, "इतक्या वर्षांत दोघं सोबत किती राहिलात?" चाचांनी हसण्यावारी नेले. चाची आत गेल्या आणि रद्द झालेले दोन पासपोर्ट घेऊन आल्या. शिक्के बघत बसलो. दर दोन वर्षांनी एक रजा, 2020 ची करोनात गेली, अशा एकूण नऊ. कुठे दोन महिने, कुठे थोडे जास्त. बेरीज वीस महिन्यांवर थांबली. वीस वर्षांच्या संसारात वीस महिने.

चाचींनी मात्र महिने मोजले नाहीत. त्या म्हणाल्या, "रमजान ईदी तीन मिळाल्या. बकरी ईद दोन."

भगिनींनो, इथे त्या रडल्या वगैरे असे काही झाले नाही. उलट त्यांनी आम्हालाच सुनावले. "सर, तुम्ही फक्त तोटा लिहून न्याल. तेही लिहा, की मोठी मुलगी फार्मसी शिकली, ती कुणाच्या पैशावर? सासऱ्यांचं ऑपरेशन झालं ते कुणाच्या पैशावर? मी स्वतः बँकेत जायला लागले, मोटारीचं बिल भरायला लागले, शाळेत पालकसभेला जायला लागले. हे घरात असते तर मी पालकसभा बघितली असती का?" यावर चाचा म्हणाले, "आणि आता मी घरात आहे, तर मला विचारत नाही." दोघेही हसले, पण त्या हसण्यात गेल्या तीन वर्षांची बरीच वादावादी होती हे ऐकणाऱ्याला कळत होते. वीस वर्षे घर चालवलेल्या बाईकडून किल्ल्या मागायच्या कशा, आणि तिने द्यायच्या का, या प्रश्नाला कुठल्याही अहवालात रकाना नाही.

चाचांचे वडील 2011 मध्ये वारले. मिट्टीला चाचा पोहोचले नाहीत. तेव्हा देशाबाहेर पडायला मालकाची परवानगी लागायची आणि मालक सुट्टीवर गेलेला. मार्च 2021 पासून सौदीने नियम बदलले. कामगार आता बाहेर जाण्या-येण्याचा व्हिसा स्वतः ऑनलाइन मागू शकतो, करार संपल्यावर नोकरीही बदलू शकतो. पण घरगुती नोकर, खासगी ड्रायव्हर, माळी, शेतमजूर आणि मेंढपाळ त्या सुधारणेच्या बाहेर ठेवले. आमच्या भागातून जाणाऱ्यांत ड्रायव्हरच जास्त, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

चाचांना कंपनी बरी मिळाली. सौदी कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांचा वर्षामागे अर्धा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचा एक पूर्ण पगार, असा हिशेब नोकरी सोडताना मिळतो. 22 वर्षांचे साडेएकोणीस पगार झाले. 1,500 रियालने 29,250 रियाल, पावणेसात लाखांच्या आत-बाहेर. ते एकदाच. परदेशी कामगाराला तिथे पेन्शन नाही. (इथल्या पीएफवाल्याची किमान पेन्शन महिन्याला 1,000 रुपये आहे, म्हणून आपण फार ताठ मानेने बोलू नये.) आता चाचांचे गुडघे गेलेत, साखर वाढलीय. औषधे बार्शीहून आणतात.

इथे आम्हाला त्या क्रमवारीतली खरी फट दिसते. माणसाचे आयुष्य दोन देशांत वाटले गेले आहे. बालपण इथे: पोलिओचा डोस, अंगणवाडी, जिल्हा परिषदेची शाळा, सगळा खर्च या 130 व्या क्रमांकाच्या देशाचा. वयाची बावीस ते पंचेचाळीस ही धडधाकट वर्षे 37 व्या क्रमांकाच्या देशात. नोकरी संपली की इकामा संपतो आणि म्हातारपण पुन्हा 130 व्या क्रमांकावर. तरुण, निरोगी, कमावती माणसे आयती मिळणाऱ्या देशाचे सरासरी आकडे चांगले का दिसणार नाहीत?

आता जे बोलायला आपण थोडे कचरतो तेही बोलू. पुष्कळ पालक म्हणतात, "सर, तिकडं निदान आपला मुल्क आहे, अजान ऐकू येते, हलाल-हराम विचारावं लागत नाही." पुण्यात खोली शोधताना नाव सांगितल्यावर 'आताच दिली हो' हे उत्तर ऐकलेल्या मुलाला ही ओढ वाटली तर ती खोटी म्हणता येणार नाही. ती जीवनमानातलीच गोष्ट आहे. मान हा शब्द त्यात आहेच. पण तिकडून परतलेले सांगतात, एका रांगेत सगळे मुसलमान उभे राहतात ते मशिदीत. बाहेर पगारपत्रकात पासपोर्ट पाहून रांगा लागतात. आणि इथे खोली नाकारणाऱ्याविरुद्ध बोलता येते, ग्रामपंचायतीला आपला माणूस उभा करता येतो, रस्ता झाला नाही तर तहसीलपुढे बसता येते. तिकडे गप्प राहणे हा नोकरीचाच भाग आहे.

मग मुलाला पाठवू नका, असे आम्ही सांगतो का? नाही. हलाल रोजीसाठी मुसाफिरी करणे यात कमीपणा कसला? कर्ज आहे, बहिणींची शिक्षणे आहेत, पाऊस नाही. जायचे तर जावे. पण निदान दहावी होऊन जावे. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर सरकारी मंजुरीची अट असते आणि सौदीसह 18 देशांत नोकरीला जाताना त्याला ती घ्यावी लागते. ती चुकवायला काही मुले टुरिस्ट किंवा व्हिजिट व्हिसावर जातात आणि तिथे बेवारस ठरतात. ही मंजुरी त्रासाची वाटली तरी मुलाची बाजू तीच धरते. करार सरकारी नोंदीत येतो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी 275 किंवा तीन वर्षांसाठी 375 रुपयांत 10 लाखांचे अपघाती विमासंरक्षण मिळते. हा विमा काढलेल्या मुलांच्या आयांना तो माहीतच नसतो. कागद मुलाच्या बॅगेत आणि बॅग रियाधमध्ये. त्याची एक प्रत घरी ठेवा.

आणि करार. सौदीत अरबी मजकूर आणि दुसऱ्या भाषेतला मजकूर यात फरक पडला तर अरबी ग्राह्य धरतात. आपल्या मुलांची गोष्ट अशी की त्यांना अरबी अक्षरे येतात, कारण कुरआन वाचलेले असते. अर्थ येत नाही. म्हणून जायची तयारी करणाऱ्या मुलांना आम्ही रविवारी सकाळी तासभर बसवतो आणि कराराच्या नमुन्यातले पंधरा-वीस शब्द फोडून दाखवतो. उर्दू येत असल्याचा फायदा होतो आणि फसगतही होते. 'कफील' म्हटले की उर्दूवाल्याला यतीमांचा सांभाळ करणारा आठवतो. तिकडचा कफील सांभाळ करेलच असे नाही. 'अक्द' वाचून मुले एकमेकांना कोपराने ढोसतात, कारण घरी अक्द म्हणजे निकाह. करारात अक्द म्हणजे करार. 'रातिब' म्हणजे पगार. हा शब्द तर मराठीत केव्हाचा येऊन बसलाय, आपण रोज सकाळी दुधाचा रतीब घेतो तो हाच. "म्हणजे सर, पगार दुधासारखा रोज येतो का?" असे एकाने विचारले होते.

गेल्या रविवारी 'इजाजा' या शब्दावर थांबलो. आपल्याला तो इजाजतसारखा दिसतो, अर्थ आहे रजा. कायद्याने वर्षाला किमान 21 दिवसांची आणि पाच वर्षांनंतर 30 दिवसांची पगारी रजा, असे आम्ही सांगितले. वह्यांत लिहून झाले. एका मुलाचा साखरपुडा महिन्यापूर्वीच झालाय. त्याने पेन थांबवून विचारले, "सर, ही रजा दर वर्षाला घेता येते, का दोन वर्षांची साठवूनच?" तुझ्या करारात काय लिहिलेय ते वाच, असे म्हणून आम्ही त्याचा कागद त्याच्याच हातात दिला. तो एकेक अक्षर लावत वाचू लागला.